उतारा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी कधी पाहिलं नाही. कार्यकर्त्यांनी फोनवर सांगितलं ते इतकंच, की गुरुजी विज्ञानाच्या तासाला खडू उचलण्याआधी एक वस्तू टेबलावर ठेवायचे आणि मग बोलायला लागायचे. तेव्हा मीही एक वस्तू आणली आहे. हा निळा डबा. मागच्या रांगेत दिसत नसेल तर नंतर पुढे येऊन हाताळा, मात्र झाकणाची एक कडी तुटलेली आहे. लशी वाहून न्यायचा हा डबा, व्हॅक्सिन कॅरियर. माझी आई माणदेशातल्या एका उपकेंद्रात नर्स होती. डबा निर्लेखित झाला आणि तो तिने घरी आणला. (निर्लेखित म्हणजे काय ते सरकारी नोकरीतल्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी शेजाऱ्याला विचारावं.)

लसीकरणाच्या दिवशी आई पहाटे उठायची. आरोग्य केंद्राच्या डीप फ्रीझरमधून चार आइसपॅक काढायचे, पण ते लगेच डब्यात घालायचे नाहीत. ओट्यावर मांडून ठेवायचे. त्यांना घाम फुटू द्यायचा. मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो डब्यात जायला तयार. असं का? तर फ्रीझरमधून नुकता काढलेला बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली असतो. त्याला टेकलेली त्रिगुणी लशीची बाटली गोठते, आणि एकदा गोठलेली त्रिगुणी वितळली तरी निकामी झालेली असते. दिसायला मात्र तशीच.

एकदा फ्रीजचा काटा बिघडला आणि रात्रीत बाटल्या गोठल्याचा संशय आला. तेव्हा आईने काय केलं, ते मी शाळकरी वयात पाहिलं. एक बाटली तिने मुद्दाम रात्रभर गोठवली, मग वितळवली. ही एका हातात, संशयित दुसऱ्या हातात. दोन्ही जोरात हलवल्या आणि खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवल्या. अर्धा तास ती नुसती बघत बसली. गोठलेल्या लशीत बारीक चोथा तयार होतो आणि तो भराभर खाली बसतो. संशयित बाटलीतही तो बसला. सगळा साठा गेला. त्या दिवशी ती म्हणाली, ‘दूध नासलं तर कळतं गं. लस नासलेली कळत नाही.’

पुढे मी जीवरसायनशास्त्र शिकले, तीसेक वर्षं शिकवलं, आणि एमआरएनए नावाच्या रेणूशी माझा बऱ्यापैकी संबंध आला. आज मला या रेणूपासून बनलेल्या लशींबद्दल बोलायला सांगितलं आहे. कोविडची लस, आरएसव्ही नावाच्या श्वसनविषाणूवरची लस, फ्लूवरची येऊ घातलेली. वर्तमानपत्रांतून ही गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते : शास्त्रज्ञांनी विषाणूचा कोड वाचला, संगणकावर लस लिहिली, झालं. लिहिणं खरोखरच लवकर झालं, अगदी दोन-तीन दिवसांत. पण लिहिणं हा या कथेतला सोपा भाग आहे. लिहिलेलं पोचवायचं कसं, यात तीस-चाळीस वर्षं गेली. आणि पोचवण्याचं काम सुईच्या टोकाशी संपत नाही. ते सुईच्या अलीकडेही असतं आणि पलीकडेही असतं. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे.

आधी हा रेणू काय आहे ते बघू. पाठ्यपुस्तकात त्याला ‘संदेशवाहक आरएनए’ म्हणतात. मला हा शब्द फारसा आवडत नाही. आपल्याकडे याहून नेमका शब्द तलाठ्याच्या कचेरीत पडून आहे : उतारा.

जमिनीची मूळ नोंदवही तलाठी तुमच्या हातात देतो का? शक्यच नाही. ती दप्तरात राहते. तुम्हाला मिळतो सातबाराचा उतारा, म्हणजे तुमच्यापुरत्या मजकुराची नक्कल. तो घेऊन तुम्ही बँकेत जाता, कर्ज काढता, आणि वर्षभराने तोच कागद घेऊन गेलात तर बँक म्हणते, ताजा आणा. पेशीचं काम असंच चालतं. डीएनए हे मूळ दप्तर, ते केंद्रकाच्या खोलीत बंद. एखादं प्रथिन बनवायचं असलं की तेवढ्या मजकुराचा उतारा निघतो, तो खोलीबाहेर येतो, बाहेर रायबोसोम नावाचे कारागीर तो वाचून प्रथिन विणतात. काही तासांनी, फार तर काही दिवसांनी, तो उतारा फाडून टाकला जातो. हा उतारा म्हणजे एमआरएनए. १९६१ साली तो सापडला.

यावरूनच एका जुन्या शंकेचं उत्तर मिळतं. ‘या लशीने आपला डीएनए बदलतो का हो?’ उतारा दप्तरखान्यात परत जात नाही. तुम्ही बँकेबाहेर दहा बनावट सातबारे वाटलेत तरी तलाठ्याच्या वहीत खाडाखोड होणार नाही.

आणि मराठीत उतारा शब्दाला दुसरा अर्थ आहे, तो तुम्हाला आधीच सुचला असेल. विषावरचा उतारा! नक्कल आणि औषध या दोन्हींना एकच शब्द असलेली आपली भाषा, आणि ही लस नेमकी तेच करते : विषाणूच्या एका प्रथिनाची नक्कल देऊन विषाणूवरचा उतारा शरीराकडूनच तयार करून घेते. (चौकात टाकतात तो तिसरा उतारा आजच्या विषयात येत नाही. प्रश्नोत्तरांत कोणी विचारू नये.)

मग अडचण कुठे होती? १९८४ साली परीक्षानळीत हवा तो एमआरएनए तयार करता येऊ लागला. १९९० साली विस्कॉन्सिनमध्ये तो उंदराच्या स्नायूत टोचला, आणि उंदराच्या पेशींनी तो वाचून प्रथिन बनवलं. म्हणजे कल्पना सिद्ध झाली. तरी चाचण्यांबाहेर पहिली लस माणसांच्या दंडात जायला २०२० उजाडलं. मधली तीस वर्षं गेली कुठे?

पहिली अडचण मी स्वतः भोगली आहे. विद्यार्थिदशेत आठवडाभर खपून मी आरएनए वेगळा केला. तो जेलवर चालवला, दिव्याखाली धरला, तर ठळक पट्ट्यांच्या जागी खालपर्यंत ओघळलेला धूसर डाग. आरएनएचे तुकडे तुकडे झाले होते. माझ्या मार्गदर्शकांनी जेलकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. हातमोजे घालून मी दाराची मूठ धरली होती आणि त्याच मोज्यांनी नळी उघडली होती. आरएनए चिरणारी एन्झाइमं माणसाच्या घामात असतात, थुंकीत असतात, धुळीत असतात, आणि उकळलं तरी सहजी मरत नाहीत. असायलाच हवीत म्हणा. आपल्यावर हल्ला करणाऱ्या कित्येक विषाणूंचं सामान आरएनएचंच असतं. तेव्हा बाहेरून आलेला आरएनए दिसला की फाड, हा शरीराचा जुना रिवाज आहे.

दुसरी अडचण त्याहून मोठी. फाडण्याआधी शरीर बोंब ठोकतं. बाहेरचा आरएनए आत आला म्हणजे चोर शिरला, असं समजून दाह सुरू होतो, पेशी प्रथिनं विणायचं काम थांबवतात. उंदीर आजारी पडायचे. मग असल्या गोष्टीवर पैसा कोण लावणार?

इथे कॅटलिन कारिको यांचं नाव घ्यायलाच हवं. हंगेरीतल्या एका खाटकाची ही मुलगी. १९८५ साली ती नवरा आणि लहान मुलीसह अमेरिकेला निघाली तेव्हा देशाबाहेर जास्त पैसा न्यायला बंदी होती, म्हणून गाडी विकून आलेले नऊशे पौंड मुलीच्या टेडी बेअरमध्ये शिवून नेले. फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएवर काम धरलं. अनुदान मिळेना. १९९५ साली तिला पदावरून खाली उतरवलं. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तिची आणि ड्रू वाइसमन यांची ओळख झाली ती फोटोकॉपीच्या यंत्रापाशी, दोघांनाही शोधनिबंधांच्या प्रती काढायच्या होत्या. उताऱ्याची गोष्ट झेरॉक्सपाशी सुरू व्हावी, हे मी रचून सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता.

दोघांनी एक साधी गोष्ट हेरली. पेशीतला एक जातीचा आरएनए, टीआरएनए, बाहेरून घातला तरी बोंब होत नाही. का होत नाही? त्याच्या अक्षरांत किरकोळ बदल केलेले असतात. आरएनएची अक्षरं चार, त्यातलं एक ‘यू’, म्हणजे युरिडीन. त्याऐवजी त्याचंच भावंड, स्यूडोयुरिडीन, घालून बघितलं. अक्षर तेच वाचलं जातं, वळण तेवढं वेगळं. गजर वाजला नाही. २००५ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. २०२३ साली दोघांना नोबेल मिळालं. नोबेलची बातमी आली तेव्हा मला त्या अठरा वर्षांचीच आठवण आधी झाली, हे कबूल करते.

उतारा टिकवण्याची, त्यावर गजर होऊ न देण्याची सोय झाली. आता त्यात लिहायचं काय?

श्वसनाच्या विषाणूंबाबत हा प्रश्न वाटतो तेवढा साळसूद नाही. १९६६ साली अमेरिकेत तान्ह्या मुलांवर आरएसव्हीच्या लशीची चाचणी झाली. फॉर्मॅलिनने मारलेला विषाणू, म्हणजे तेव्हाची रुळलेली पद्धत. लस घेतलेल्या ज्या मुलांना नंतर खरा संसर्ग झाला, त्यातल्या ऐंशी टक्क्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं, आणि दोन मुलं गेली. लशीने आजार वाढवला होता. त्यानंतर कित्येक दशकं त्या वाटेला कोणी नीट गेलं नाही.

चूक कुठे झाली हे कळायला २०१३ उजाडलं. या विषाणूंच्या पृष्ठभागावरचं प्रथिन म्हणजे ताणून बसवलेला चाप असतो. पेशीला चिकटेपर्यंत एक आकार, चाप सुटला की दुसरा. पेशीत शिरताना उपयोगी पडतो तो पहिला, म्हणून प्रतिपिंडं पहिल्या आकाराविरुद्ध हवीत. मारलेल्या विषाणूत चाप आधीच सुटलेला होता. शरीर शिकलं ते चोर निघून गेल्यानंतरचं चित्र. अमेरिकेतल्या बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी आरएसव्हीचा चाप न सुटता कसा धरायचा ते दाखवलं, मग कोरोना कुळातल्या मर्स विषाणूचा. तिथे युक्ती अशी : प्रथिनाच्या साखळीत दोन ठिकाणी प्रोलीन नावाचा ताठ मणी ओवायचा, की सांधा वळतच नाही. हे २०१७पर्यंत होऊन गेलं होतं.

म्हणून जानेवारी २०२०मध्ये नव्या कोरोना विषाणूचा जनुकीय मजकूर जाहीर झाला तेव्हा लोकांनी डोकं खाजवत बसायची गरज नव्हती. काटेरी प्रथिन घ्या. १२७३ मण्यांची माळ आहे, त्यातला ९८६वा आणि ९८७वा मणी बदला. उतारा लिहा. सोळा मार्चला सिएटलमध्ये मॉडर्नाच्या लशीचा पहिला चाचणी डोस दिला गेला. घाईत केलेली लस, घाईत केलेली लस, असं आपण किती ऐकलं! घाई शेवटच्या दोन पायऱ्यांवर झाली. जिना आधीच बांधलेला होता.

आता कारखान्यात जाऊ. फायझरची लस बनायला सुरुवात व्हायची मिसूरी राज्यातल्या चेस्टरफील्डला. तिथे ई. कोलाय जिवाणूंच्या पोटात काट्याचा मजकूर असलेलं डीएनएचं कडं वाढवायचं, जिवाणू फोडून ते गाळून घ्यायचं, कापून सरळ करायचं. हे झालं छापायचं मूळ. ते गोठवून मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला. तिथे मोठ्या पिशवीत डीएनए, चार अक्षरांचा कच्चा माल (यूच्या जागी बदललेलं यू) आणि टी-७ नावाच्या जिवाणूभक्षक विषाणूकडून उसनं घेतलेलं नकला काढणारं एन्झाइम. शरीराइतकी ऊब, काही तास. एका मूळ प्रतीवरून ढीगभर उतारे. प्रत्येकाच्या डोक्याला टोपी, शेपटाला ‘ए’ अक्षराची लांबलचक रांग, म्हणजे पेशीला तो घरचा वाटतो आणि लवकर कुरतडला जात नाही. मग डीएनए पचवून टाकायचा, गाळायचं, तपासायचं. पुन्हा गाळायचं, पुन्हा तपासायचं. एकूण ४२८४ अक्षरांचा उतारा.

इथे हिशेब करून पाहा. फायझरच्या एका डोसात एमआरएनए ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्ये तेहेतीस हजार माणसांचे डोस. चहाच्या चमच्याभर मालात आपला अख्खा तालुका! आणि तरीही प्रत्येकाच्या दंडात दहा लाख कोटींहून जास्त उतारे जातात.

जुन्या पद्धतीशी ताडून बघा. फ्लूची लस अजून मुख्यतः कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, डोसामागे साधारण एक-दोन अंडी, आणि कुठला फ्लू येणार हे सहा महिने आधी ताडावं लागतं. एमआरएनएच्या कारखान्याला विषाणू बघायचीसुद्धा गरज नाही. यंत्रं तीच, पिशव्या त्याच, फक्त मूळ मजकूर बदलायचा.

पण नुसता उतारा टोचून काय होणार? तो ऋणभारित, पेशीचं आवरणही ऋणभारित. एकमेकांना ढकलणार. शिवाय बाहेर फाडणारे टपलेले. त्याला पाकीट हवं. मंडळी, हे पाकीट मला सबंध लशीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

पाकीट तेलकट हवं, कारण पेशीचं आवरण तेलकट. शिवाय धनभारित हवं, म्हणजे ऋणभारित उतारा त्याला चिकटेल. पण कायम धनभारित असलेले मेद शरीराला विषारी ठरतात. मग? कॅनडात व्हँकुव्हरला पीटर कलिस आणि त्यांच्या मंडळींनी वर्षानुवर्षं खपून असे मेद शोधले, जे आंबट पाण्यात धनभारित होतात आणि रक्तासारख्या ना-आम्ल-ना-अल्कली द्रवात निर्भार. ते एमआरएनएसाठी शोधले नव्हते. त्यांचं पहिलं औषध २०१८ साली आलं ते एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावर.

आता मिशिगनमधल्या कॅलामझूला या. एका नळीतून अल्कोहोलात विरघळलेले चार मेद येतात : तो बदलता मेद, कोलेस्टेरॉल, पेशीच्या आवरणात असतो तसला एक मेद, आणि थेंब एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉलची शेपटी असलेला एक. दुसऱ्या नळीतून आंबट पाण्यात उतारा. दोन्ही धारा जोरात एकमेकींवर आदळतात. पाणी लागताच मेद विरघळलेले राहू शकत नाहीत. आंबटपणामुळे धनभारित झालेला मेद उताऱ्याला मिठी मारतो, बाकीचे भोवती गोळा होतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत गोळ्या तयार. कोणी वळत नाही, आपोआप वळल्या जातात. एकेक साधारण ऐंशी ते शंभर नॅनोमीटर. केसाच्या जाडीत हजारेक बसतील. मग अल्कोहोल काढायचं, आंबटपणा काढायचा, बस्स.

आणि ही धारांची टक्कर जिथे होते तो मिक्सर केवढा असेल? रुपयाच्या नाण्याएवढा! मोठा केला तर गोळ्या बिघडतात. म्हणून त्यांनी मोठा मिक्सर बांधलाच नाही. तसलेच छोटे मिक्सर कित्येक, ओळीने जोडले. जगाला अब्जावधी डोस हवेत आणि सगळा माल नाण्याएवढ्या भोकातून जातोय. सुरुवातीला या साखळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० दिवस लागत, पुढे ते ६०वर आले.

मेदावरून एक आठवलं, सांगून टाकते. १८९७ साली मुंबईत प्लेग होता तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस बनवत होते. जिवाणू नीट वाढावेत म्हणून ते फ्लास्कमधल्या रश्श्यावर काय तरंगवत, माहीत आहे? साजूक तुपाचे थेंब. त्या थेंबांना लटकून जिवाणू खाली लोंबत वाढायचे. रस्सा बकऱ्याच्या मांसाचा, म्हणजे कोणाचाच धर्म आडवा येऊ नये. दहा जानेवारीला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तेव्हा लशीत मेद वापरण्यात मुंबई कॅलामझूच्या सव्वाशे वर्षं पुढे होती, असं म्हणायला हरकत नाही. (शास्त्रीयदृष्ट्या हरकत आहे, पण टाळ्या वाजवल्यात, आता परत घेत नाही.)

सुई दंडात गेली. पुढे? गोळ्या पेशींना मेदाच्या थेंबासारख्या दिसतात, पेशी त्या गिळतात. गिळलेलं एका छोट्या पिशवीत जातं आणि ती पिशवी पचवण्यासाठी आंबट होऊ लागते. आंबट! इथे तो बदलता मेद पुन्हा धनभारित होतो, पिशवीच्या भिंतीला चिकटून ती फोडतो, आणि उतारा बाहेर पडतो. ज्या आंबटपणाने त्याचा नाश व्हायचा, तोच त्याची सुटका करतो. बहुतेक उतारे तरीही आतच संपतात. थोडे निसटतात तेवढ्यांवर भागतं. रायबोसोम ते वाचतात, काटे विणतात. काखेतल्या गाठींमध्ये रोगप्रतिकारक पेशी ते काटे ओळखायला शिकतात. लस घेतल्यावर काख दुखते ती त्यामुळे.

याचे त्रासही आहेत. लसीकरणाच्या पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये काहींना तीव्र ॲलर्जी झाली. तरुण मुलग्यांमध्ये, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर, क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आली. प्रमाण कमी, बहुतेक बरे झाले, पण हे झालं आणि ते नोंदवलं गेलं. मोठ्या चाचण्यांत ९५ टक्के संरक्षण दिसलं होतं. पुढे ते महिन्यांगणिक ओसरलं, विषाणूही बदलला. तीव्र आजार आणि मृत्यू मात्र पुष्कळ टळले. शिवाय एक मूळ पेच अजून सुटलेला नाही. विषाणू येतो नाकातून, आपण टोचतो दंडात. दंडातल्या टोचणीने रक्तात प्रतिपिंडं भरपूर होतात, नाकाच्या ओलसर अस्तरावर कमी. म्हणजे घरात पहारा कडक आणि उंबऱ्यावर ढिला. म्हणूनच लस घेऊनही सर्दी-ताप आला, पण माणूस व्हेंटिलेटरवर गेला नाही, असं घडत होतं. एमआरएनए नाकातून द्यायचे प्रयत्न चालू आहेत. तिथला शेंबूड या गोळ्यांना पुढे जाऊ देत नाही. पाकीट पुन्हा नव्याने शोधावं लागणार.

आणि आता डब्याकडे येते.

फायझरची लस सुरुवातीला उणे सत्तर अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. मॉडर्नाची उणे वीसला. उतारा आपोआप तुटतो, थंडीत सावकाश तुटतो, एवढंच त्याचं कारण. त्यासाठी कोरड्या बर्फाने भरलेल्या पेट्या आल्या, प्रत्येकीत तापमान नोंदवणारं यंत्र. आठ डिसेंबर २०२० रोजी इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला नव्वद वर्षांच्या मार्गारेट कीनन यांना डोस मिळाला, तो असा प्रवास करून. आपल्याकडे? फायझरने फेब्रुवारी २०२१मध्ये अर्ज मागे घेतला. मॉडर्नाला जूनमध्ये परवानगी मिळाली, लस आली नाही. नुकसानभरपाईची जबाबदारी कोणाची, यावर घोडं अडलं. पण समजा अडलं नसतं. आपली शीतसाखळी, जिल्ह्यापासून उपकेंद्रापर्यंत, मुख्यतः दोन ते आठ अंशांवर उभी आहे. उणे सत्तर अंश धडगावच्या किंवा भामरागडच्या पाड्यापर्यंत कोणी नेले असते?

हा प्रश्न पुण्यात हिंजवडीला जिनोव्हा कंपनीने मनावर घेतला. जून २०२२मध्ये त्यांच्या लशीला आपत्कालीन परवानगी मिळाली, ती साध्या फ्रीजमध्ये राहणारी. जून २०२३मध्ये ओमायक्रॉनवरची आली, ती तर सुकवलेली भुकटी. पाणी काढलं की उताऱ्याचं तुटणं मंदावतं. पापड वर्षभर टिकतो आणि पिठाची लाटी संध्याकाळी आंबते, तेच तत्त्व. तिच्यातला उतारा स्वतःच्या आणखी नकला काढणारा, म्हणून कमी पुरतो. आणि ती द्यायची सुईशिवाय, द्रवाच्या बारीक झोताने, थेट त्वचेत. पण ती आली तोवर लोकांनी बाही वर करायचं सोडून दिलं होतं. त्यामुळे हे मोलाचं काम पेपरच्या आतल्या पानावर राहिलं. तिकडे अमेरिकेच्या आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२५मध्ये एमआरएनएचे बावीस प्रकल्प गुंडाळले, सुमारे पन्नास कोटी डॉलरचे. मला हा शुद्ध करंटेपणा वाटतो. तुमचं मत वेगळं असेल तर चहाच्या वेळी भांडू.

यातलं तेव्हा माहीत होतं तेवढं मी २०२१ साली आईला सांगायला बसले होते. तिने कोव्हिशील्डचे दोन्ही डोस घेतले होते आणि परदेशातली लस कशी असते ते तिला ऐकायचं होतं. मी सांगितलं : गोठलेली बाटली वितळवायची, १.८ मिली सलाइन घालायचं, सहा तासांत संपवायची. आणि बाटली हलवायची नाही, नुसती हळूच दहा वेळा उलटी-सुलटी करायची. झटका बसला तर गोळ्या फुटतात.

‘हलवायचीच नाही?’ आई म्हणाली. ‘मग गोठून बिघडली का, ते बघायचं कसं?’

मी म्हटलं, ‘आई, ती गोठलेलीच येते.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग हा डबा माळ्यावरून काढायला लावला. फडक्याने पुसला, झाकण उघडून आत हात घालून बघितला, आणि म्हणाली, ‘यात नाही जमायचं. मोठा लागेल.’